पहिली पकड : म्युकरच्या एका प्रथिनाचं रसग्रहण

२०२१ च्या उन्हाळ्यात नागपुरात म्युकरमायकोसिसबद्दल जे काही बोललं गेलं, त्यातलं बहुतेक इंजेक्शनबद्दल होतं. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या शहरातल्या सरकारी रुग्णालयांत म्युकरच्या रुग्णांसाठी वेगळे वॉर्ड करावे लागले. कान-नाक-घसा, डोळे, दात आणि मेंदू यांचे सर्जन एकाच रुग्णाच्या स्कॅनभोवती जमू लागले. अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या व्हायल मिळवण्यासाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. २० मे रोजी केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं. त्याच महिन्याच्या अखेरीस शेजारच्या वर्ध्यात जेनेटिक लाइफ सायन्सेसने अँफोटेरिसिनचं उत्पादन सुरू केलं. बाजारात सात हजारांच्या घरात गेलेली व्हायल तिथून बाराशे रुपयांना मिळणार, ही बातमी विदर्भात कुठल्याही राजकीय बातमीपेक्षा जास्त वाचली गेली असेल. जुलैत केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार देशात पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण आणि चार हजार तीनशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. महाराष्ट्र आणि गुजरात त्यात सर्वांत पुढे होते.

त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ऱ्हायझोपस ही या रोगाची भारतातली प्रमुख बुरशी. तिचे बीजाणू मातीत असतात, कुजत्या फळावर असतात, शिळ्या पावावर असतात आणि म्हणून हवेतही असतात. ते नागपुरातल्या प्रत्येकाच्या नाकात रोज जातात. मग एकाच घरातल्या चौघांपैकी एकाच्याच गालाचं हाड का सडतं? ‘प्रतिकारशक्ती कमी होती’ हे उत्तर खोटं नाही, पण फार ढिलं आहे. त्याहून नेमकं उत्तर एका प्रथिनात आहे. ते उलगडणारे शोधनिबंध मी एखाद्या दीर्घ रचनेसारखे, क्रमाने आणि पुन्हा पुन्हा वाचतो. ज्या रोगाने माणसांचे डोळे आणि टाळू नेले त्याच्याबद्दल ‘रस’ हा शब्द वापरणं कुणाला खटकेल. माझ्या मनात मात्र त्याबद्दल संकोच नाही. वेदनेचं कारण इतक्या बारकाईने, इतक्या संयमाने उलगडलेलं पाहणं हा मला तिचा आदरच वाटतो.

रचनेची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. मधुमेही रुग्णाच्या रक्तात आम्ल वाढलं, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस झाला, की म्युकरचा धोका वाढतो, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. १९८२ मध्ये त्यामागचा पहिला धागा हाती आला. रक्तातलं ट्रान्सफेरिन लोहाला घट्ट धरून ठेवतं. रक्त आम्लधर्मी झालं की ही पकड सैल होते, मोकळं लोह वाढतं आणि ऱ्हायझोपसला ते हवंच असतं. पुढे डायलिसिसवरच्या रुग्णांतही तेच दिसलं. जादा लोह काढण्यासाठी दिलेलं डेफेरॉक्झामीन हे औषध ऱ्हायझोपसला लोह पुरवण्याचं साधन ठरत होतं. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या आपल्या पट्ट्यातल्या डॉक्टरांना लोहाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण लोह हे अन्न झालं. अन्न मिळालं म्हणून बुरशी वाढेल, हे समजतं. ती रक्तवाहिनीच्या आत कशी शिरते, हे त्यातून कळत नाही.

आणि या रोगाचं सगळं क्रौर्य रक्तवाहिनीतच आहे. नाकातून काढलेला तुकडा केओएच या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले तंतू दिसतात. काही ठिकाणी ते काटकोनात फुटलेले असतात. बायॉप्सीच्या काचेवर हेच तंतू धमनीची भिंत भेदून आत गेलेले दिसतात, वाहिनीत गुठळी झालेली असते आणि पलीकडची ऊती मेलेली असते. टाळूवर आणि गालावर येणारा तो काळेपणा बुरशीचा नाही, रक्त न मिळाल्याने मेलेल्या मांसाचा आहे. औषध मग तिथे पोचणार तरी कसं? रक्तच जात नाही, तर रक्तातून दिलेलं अँफोटेरिसिनही जात नाही. म्हणून सर्जनला मेलेला भाग काढावा लागतो, आणि वरचा जबडा किंवा डोळा त्यात जातो.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हा या रचनेचा रंगमंच. २००५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समधल्या हार्बर-यूसीएलए इथे अश्रफ इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी ऱ्हायझोपसला मानवी रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींसमोर ठेवलं. त्यांना जे दिसलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. बुरशी पेशी फोडून आत जात नव्हती. पेशीच तिला गिळून आत घेत होती. आणि हे गिळणं थांबवलं की इजाही थांबत होती. त्याहून विलक्षण म्हणजे इजा होण्यासाठी बुरशी जिवंत असण्याचीही गरज नव्हती. म्हणजे जे घडतं ते बुरशीच्या भुकेने किंवा वाढीच्या जोराने घडत नाही. तिच्या पृष्ठभागावर असं काहीतरी आहे, जे पेशीला ‘आत घे’ असं सांगतं. पुढची सगळी रचना या एका निरीक्षणातून वाढत गेली.

मग २०१० चा निबंध, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मधला. पहिले लेखक मिंग्फू लिऊ. युक्ती सरळ होती. अस्तरपेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं खूण लावून बाहेर काढायची, ती बुरशीवर ओतायची, धुऊन टाकायची आणि जे धुतल्यावरही चिकटून राहील ते पाहायचं. मागे एकच ठळक पट्टा राहिला, अठ्ठ्याहत्तर किलोडाल्टनचा. ओळख पटवल्यावर ते प्रथिन निघालं जीआरपी७८.

इथे वाचकाने थांबायला हवं, कारण या निवडीत फार मोठा अर्थ आहे. जीआरपी७८ हे काही बाहेरच्यांच्या स्वागतासाठी पेशीने ठेवलेलं प्रथिन नव्हे. त्याचं घर पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये. नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांच्या घड्या नीट बसतात की नाही हे पाहणं आणि चुकलेल्यांना सावरणं हे त्याचं काम. १९७७ च्या सुमारास ते सापडलं ते साखर न मिळालेल्या कोंबडीच्या पेशींमध्ये. पेशीवर ताण आला की ते वाढतं. ताण फार वाढला की त्यातलं काही पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही येतं. म्हणजे बुरशीने पकडण्यासाठी जी जागा शोधली, ती आपल्या पेशीने संकटात स्वतःला सावरण्यासाठी वाढवलेली जागा आहे. जी पेशी तणावात नाही तिच्या अंगावर हा आधार फारसा दिसतच नाही. निरोगी माणसाच्या नाकातून बीजाणू निघून जातो, त्यामागे श्लेष्मा आहे, पांढऱ्या पेशी आहेत, सगळं आहे. पण त्यासोबत हेही आहे की त्याला धरायला काही सापडत नाही.

या निबंधातला पुराव्याचा क्रमही वाचण्यासारखा आहे. जीआरपी७८ विरुद्धची अँटिबॉडी दिली, तर शिरकाव कमी होतो. पेशीतच ते प्रथिन कमी केलं, तरी शिरकाव घटतो. साखर आणि लोह वाढवलं, तर ते प्रथिन वाढतं आणि इजाही वाढते. कीटोअ‍ॅसिडोसिस झालेल्या उंदरांना जीआरपी७८ विरोधी सीरम दिलं, तर ते वाचतात. आणि शेवटी, अस्पर्जिलस आणि कँडिडा या दुसऱ्या दोन मोठ्या रोगकारक बुरशा या वाटेने आत येत नाहीत. ही शेवटची चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. रानात फिरून आल्यावर धोतराला लागणारं गोखरू कशालाही चिकटतं. ऱ्हायझोपस तसा नाही. त्याची पकड निवडक आहे, आणि त्या निवडीतच मधुमेही माणसाची ओळख दडलेली आहे.

इथवर रचनेचा अर्धाच भाग वाचून झाला. हात कुणाचा, हे अजून कळलेलं नाही. चार वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच नियतकालिकात तेक्लेगिओर्गिस गेब्रेमरियम यांनी दुसरा अर्धा भाग लिहिला. या वेळी दिशा उलटी होती. जीआरपी७८ हे गळासारखं वापरून बुरशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं पकडली. जे सापडलं ते कॉटएच नावाच्या कुटुंबातलं होतं. जिवाणूंच्या बीजाणूंवरच्या एका प्रथिनाशी त्याचं साम्य असल्याने ते नाव पडलं. त्यातलं कॉटएच३ सर्वांत महत्त्वाचं ठरलं.

माझ्या मते सगळ्या निबंधमालेतला सर्वांत देखणा प्रयोग इथे येतो. कॉटएच३ च्या जनुकाला त्याच्या मूळ बुरशीतून उचललं आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये घातलं. हे यीस्ट माणसाच्या पेशीत शिरत नाही. शेकडो वर्षं आपण ते खात आलो आहोत. पण कॉटएच३ अंगावर येताच तेच यीस्ट अस्तरपेशींना चिकटू लागलं आणि पेशी त्याला गिळू लागल्या. एवढं एकच प्रथिन बदललं, आणि निरुपद्रवी जीव पेशीच्या आत पोचला. संशोधनात ‘अमुकामुळे तमुक होतं’ असं म्हणणाऱ्या वाक्यांची कमतरता नसते. त्या वाक्याला इतक्या स्वच्छपणे सिद्ध करणारा प्रयोग क्वचित हाती येतो. दुसऱ्या बाजूनेही ते तपासलं. ऱ्हायझोपसमध्ये कॉटएच कमी केलं तर तो मधुमेही उंदरांत दुबळा पडला, आणि कॉटएच३ विरुद्धच्या अँटिबॉडींनी उंदीर वाचले.

२०१६ च्या निबंधात दोन्ही अर्धे एकत्र आले. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये रक्तात तीन गोष्टी वाढतात : साखर, मोकळं लोह आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा कीटोन. प्रत्यक्ष रुग्णांत आढळतं तेवढंच प्रमाण घेऊन प्रयोग केला. या तिन्हींनी माणसाच्या पेशीवरचं जीआरपी७८ वाढवलं. आणि तेच घटक बुरशीला दिले, तर काही तासांत तिचं कॉटएचही वाढलं. एकाच वेळी दोन्ही बाजू एकमेकींसाठी तयार होतात. हे मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला त्यातलं औचित्य जाणवतं, आणि भयही. रुग्णाच्या रक्तातला तो बिघाड बुरशीला फक्त खायला घालत नाही. तो तिला धरायला जागा देतो, आणि तिच्या अंगावर धरणारा हातही वाढवतो. उंदरांना सोडियम बायकार्बोनेट देऊन आम्लता सावरली, लोह पुन्हा बांधलं गेलं, तर त्यांचा बचाव झाला. खायचा सोडा म्हणून ज्याची ओळख स्वयंपाकघरात आहे, तेच हे रसायन. अर्थात रुग्णाला ते द्यायचं की नाही हा निर्णय अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचाच.

आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे पाहू. कोविडची दुसरी लाट, आधीच असलेला किंवा त्या तापात पहिल्यांदाच कळलेला मधुमेह, ऑक्सिजन लागल्यावर दिलेली स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडमुळे चढलेली साखर. लोह साठवणारं फेरिटिन हे प्रथिन वाढलेलं. अनेक अवयवांच्या पेशी ताणाखाली. त्या लाटेआधीच्या, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातल्या १६ रुग्णालयांच्या अभ्यासात म्युकरच्या २८७ रुग्णांपैकी १८७ जणांचा रोग कोविडशी जोडलेला आढळला, आणि नाक-डोळ्यांचा प्रकार त्यात सर्वाधिक होता. पण नाकच का? कोविड तर फुप्फुसाचा रोग. बीजाणू फुप्फुसातही जात होते.

या प्रश्नाला २०२० मध्ये ‘एमबायो’त अब्दुल्ला अलकारिही आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. दुसरी लाट यायला अजून काही महिने होते. त्यांनी नाकाच्या आणि फुप्फुसाच्या अस्तरपेशी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. नाकात ऱ्हायझोपस कॉटएच३ ने जीआरपी७८ ला धरतो. फुप्फुसाच्या वायुकोशात मात्र तो कॉटएच७ या दुसऱ्या भावंडाने इंटिग्रिन बीटा१ या दुसऱ्याच प्रथिनाला धरतो. आणि साखर, लोह, कीटोन वाढले की नाकातलं जीआरपी७८ वाढतं. फुप्फुसातलं इंटिग्रिन तसं वाढत नाही. म्हणून मधुमेही माणसात रोग नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत जातो. ल्युकेमियाच्या किंवा पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णात तो प्रामुख्याने फुप्फुसात दिसतो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात ‘मधुमेह, नाक; ल्युकेमिया, फुप्फुस’ हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं जात होतं. त्या समीकरणाच्या खाली दोन वेगळे हात आणि दोन वेगळ्या मुठी होत्या, हे पहिल्यांदा स्पष्ट झालं. ‘मेडिकल’च्या ईएनटी वॉर्डात रात्री भरती होणाऱ्या, डोळ्याभोवती सूज आलेल्या, शुगर चारशेच्या वर असलेल्या रुग्णाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुठल्याही शोधनिबंधात वाचलेलं नाही. आणि लेखकांच्या डोळ्यांसमोर तेव्हा भारतातली ही लाट नव्हती.

या रचनेला तिचं घराणं आहे, हेही सांगायला हवं. त्याच हार्बर-यूसीएलए संस्थेत २००७ मध्ये स्कॉट फिलर आणि जॉन एडवर्ड्स यांच्या गटाने कँडिडा अल्बिकन्सवरचं अल्स३ हे प्रथिन वाचलं होतं. कँडिडा गोल पेशीतून तंतूत बदलली की अल्स३ तिच्या अंगावर येतं. आपल्या पेशी एकमेकींना धरण्यासाठी कॅडेरिन वापरतात. अल्स३ त्या कॅडेरिनलाच हात घालतं आणि पेशीकडून स्वतःला गिळून घेतं. पुढे २००८ मध्ये कळलं की अल्स३ फेरिटिनलाही धरतं, आणि कँडिडा त्यातून लोह मिळवते. शैली वेगळी, पण सूत्र एकच : आपल्याच शरीराने स्वतःच्या कामासाठी बनवलेल्या एखाद्या प्रथिनाला धरायचं, आणि लोहाचा माग सोडायचा नाही. कँडिडाच्या दुसऱ्या एका प्रथिनाने, एचडब्ल्यूपी१ ने, तर आणखी पुढचं पाऊल टाकलं आहे. आपल्या तोंडातल्या पेशींचा ट्रान्सग्लुटामिनेज हा एन्झाइम त्याला आपल्याच पेशींशी कायमचा जोडून टाकतो. हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. ही सगळी उदाहरणं एकत्र वाचली की कॉटएच३ चं वेगळेपण उठून दिसतं. बाकीच्यांनी पेशीच्या नेहमीच्या संसारातल्या गोष्टी धरल्या. कॉटएच३ ने धरली ती तिच्या संकटातली गोष्ट.

रसग्रहणात दोषही दाखवावे लागतात. कॉटएचचं बरंच काम जनुक पूर्ण काढून टाकून केलेलं नाही. ते दाबून केलेलं आहे. ऱ्हायझोपसच्या बीजाणूत अनेक केंद्रकं असतात, त्यामुळे एक जनुक सगळीकडून पुसणं कठीण. म्हणून ‘कमी केलं तर कमी झालं’ एवढंच म्हणता येतं; ‘नसेल तर होतच नाही’ असं नाही. शिवाय जिवंत शरीरातला सगळा पुरावा उंदरांचा आहे, स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांचा. मानवी शरीरात जीआरपी७८ एकटं नाही. शेजारी श्लेष्मा आहे, इतर जंतू आहेत, रोज बदलणारी साखर आहे. आणि २०२१ मध्ये इब्राहिम यांच्याच गटाने म्युकोरिसिन हे एरंडाच्या रायसिनसारखं विष ऱ्हायझोपसमध्ये दाखवलं. म्हणजे पकडल्यानंतरच्या नाशाचा अध्याय वेगळा आहे. पहिली पकड हा रोगाचा प्रवेश. त्याला संपूर्ण रोग मानणं ही वाचनातली घाई होईल.

तरीही या प्रवेशापाशी थांबणं व्यर्थ नाही, कारण इथेच दोन उपयोग उगवले. २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये अनेक बुरशांचे जीनोम शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा कॉटएचची जनुकं म्युकरच्या गणात सापडली, आणि जी बुरशी रुग्णांत जास्त दिसते तिच्यात ती अधिक संख्येने होती. अस्पर्जिलस आणि कँडिडात ती नाहीत. म्हणून कॉटएचच्या जनुकाचा तुकडा उंदराच्या लघवीत शोधून रोग लवकर ओळखण्याची पद्धत २०१८ मध्ये मांडली गेली. दुसरा उपयोग अँटिबॉडीचा. २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मधल्या निबंधात कॉटएच३ च्या एका छोट्या तुकड्याविरुद्ध केलेल्या अँटिबॉडींनी उंदरांत दोन कामं केली : बुरशीचा शिरकाव अडवला, आणि पांढऱ्या पेशींना ती ओळखून गिळायला मदत केली. पहिल्या प्रयोगात रक्तवाहिनीच्या पेशी बुरशीला गिळत होत्या आणि त्यातच त्यांचा नाश होता. इथे गिळणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत, आणि त्यांचं गिळणं म्हणजे बुरशीचा मृत्यू.

ही रचना अजून लिहून संपलेली नाही, आणि तिचं पुढचं पान विदर्भात लिहिलं जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. या सगळ्या प्रयोगांतली बुरशी प्रामुख्याने ऱ्हायझोपस डेलेमार होती. भारतात सर्वाधिक सापडते ती ऱ्हायझोपस अ‍ॅरायझस. जवळची नातेवाईक, पण तीच नव्हे. २०२१ मधल्या रुग्णांतून वाढवलेल्या बुरशा ज्यांनी ज्यांनी जपून ठेवल्या असतील, त्यांच्या कॉटएच जनुकांचे क्रम वाचायला हवेत. किती प्रती आहेत, कॉटएच३ चा जीआरपी७८ ला धरणारा भाग अमेरिकी बुरशीसारखाच आहे की त्यात फरक आहे, हे पाहायला हवं. त्या एका तुकड्यावर अँटिबॉडी बेतलेली आहे. तो तुकडा इथल्या बुरशीत बदललेला असेल, तर टॉरन्समध्ये उपयोगी पडणारं औषध नागपुरात उपयोगी पडेलच असं नाही. तो तसाच असेल, तर इथल्या डॉक्टरांनी त्या औषधाच्या मानवी चाचण्यांत पहिल्या रांगेत असायला हवं.